पाणी नसलेला गड: ओल्ड सॅरमविषयी तीन पत्रं

मागच्या एका अंकात इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातल्या ओल्ड सॅरम या टेकडीचा मी जेमतेम दोन ओळींत उल्लेख केला होता. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यातली तीन इथे घेतेय. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय, कारण त्या दोघांना सप्टेंबरात खरोखरच तिथे जायचंय.

प्रश्न: ताई, सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं सहा आठवडे मुलाकडे साउदॅम्प्टनला जातोय. मी बासष्ट वर्षांची, यांना सदुसष्ट. मुलगा-सून दोघंही नोकरीला, त्यामुळे आठवड्याचे पाच दिवस आमचे आम्हीच. तरुणपणी आम्ही साल्हेर, हरिहर, रतनगड असे बरेच गड पायी केलेत. आता यांच्या उजव्या गुडघ्याला जिने झेपत नाहीत. तुम्ही लिहिलेल्या टेकडीवर जायचं मनात आहे, पण मुलगा म्हणतो, "आई, तिथे नुसतं गवत आहे, त्यापेक्षा स्टोनहेंज बघा." खरंच तिथे बघण्यासारखं काही आहे का? आणि आम्ही दोघंच जाऊ शकू का?
(नाशिकहून एक वाचक)

उत्तर: तुमचा मुलगा चुकीचं सांगत नाही. तिथे गवतच आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा माझीही निराशाच झाली होती. भाचीकडे रेडिंगला राहिले होते. सकाळी सॅलिसबरीचं कॅथीड्रल, म्हणजे तिथलं मोठं चर्च, बघितलं, दुपारी जेवण झालं आणि मग "जाता जाता टेकडीही बघू" म्हणून वर गेले. पाय दुखत होते, बारीक पाऊस होता. वर गेल्यावर मातीचे गोल बांध, मोठा खंदक आणि चकमकीच्या दगडांच्या काही ओबडधोबड भिंती एवढंच दिसलं. महादरवाजा नाही, बुरूज नाही, तोफ नाही. वीस मिनिटांत खाली उतरले.

दोन वर्षांनी पुन्हा गेले ती क्रम उलटा करून. सकाळी टेकडी, दुपारी कॅथीड्रल. तुम्हीही असंच करा. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीवर उभं आहे. खालचं शहर, म्हणजे सॅलिसबरी, या टेकडीतून निघालंय, अगदी दगडांसकट. खालचं आधी बघितलं की वरचं रिकामं वाटतं, आणि वरचं आधी बघितलं की खालचा प्रत्येक दगड ओळखीचा होतो.

तुम्ही साल्हेर-रतनगड केलेत, त्यामुळे तुम्हाला एक गोष्ट इतरांपेक्षा लवकर उमगेल. आपण कुठल्याही गडावर पोचलो की आधी काय शोधतो? टाकं. रायगडावर गंगासागर आहे, शिवनेरीवर गंगा-जमुनेची टाकी आहेत, सिंहगडावर देवटाकं आहे. आपला डोंगर काळ्या दगडाचा. बेसॉल्टमध्ये टाकं खोदलं की पावसाचं पाणी वर्षभर धरून राहतं. मी वाईला एकतीस वर्षं भूगोल शिकवला. नकाशावर हाच भाग शिकवताना सांगायचे की गड उभा राहतो तो तटबंदीवर नाही, टाक्यांवर. ओल्ड सॅरमला ते वाक्य मला उलट्या बाजूने वाचायला मिळालं.

ही टेकडी खडूची आहे. म्हणजे पांढऱ्या, भुसभुशीत चुनखडीची. पडलेलं पाणी ती पिऊन टाकते. वर ना तळं टिकतं, ना टाकं खोदता येतं. आतल्या भागात एक खोल विहीर आहे, तिच्यात डोकवा. एवढ्या मोठ्या वस्तीला ती काय पुरणार? खाली एव्हन नदी वाहते, पण ती खाली.

तरीही माणसं इथे दीड हजार वर्षांहून जास्त काळ पुन्हा पुन्हा आली. इसवी सनापूर्वी सुमारे ४०० साली लोहयुगातल्या लोकांनी बाहेरचा मातीचा तट घातला. तो लांबट गोल आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण ४०० मीटर. रोमनांचे रस्ते इथे येऊन मिळायचे. १००३ साली जवळच्या विल्टनवर डॅनिश हल्ला झाला तेव्हा तिथले नाणी पाडणारे कारागीर जीव वाचवायला या तटाच्या आत आले. पुढे फ्रान्सकडून नॉर्मन आले. विल्यम राजाने जुन्या तटाच्या बरोबर मधोमध दुसरा खंदक खणून आत किल्ला बांधला. आपल्या भाषेत सांगायचं तर जुन्या माचीच्या मध्यावर बालेकिल्ला उठवला. १०८६ साली याच टेकडीवर त्याने इंग्लंडभरातल्या मोठ्या जमीनदारांना बोलावून निष्ठेच्या शपथा घ्यायला लावल्या. ज्या वर्षी डूम्सडे बुक या महसुली नोंदवहीसाठी गावोगावची मोजदाद झाली, तेच हे वर्ष.

आणि किल्ल्याशेजारी, त्याच तटाच्या आत, कॅथीड्रल बांधलं. १०९२ मध्ये त्याचा अभिषेक झाला आणि पाचच दिवसांनी वादळाने त्याची हानी केली. ही गोष्ट वाचून पुढे जाऊ नका. आतल्या किल्ल्याच्या तटावर उभं राहून वारा अंगावर घ्या आणि मग आठवा. माझी ओढणी दोन वेळा उडाली, आणि तो तिथल्या मानाने शांत दिवस होता.

पुजारी मंडळींचे हाल इथूनच सुरू झाले. रोमला पोपकडे त्यांनी केलेल्या तक्रारी १२१८ च्या सुमाराच्या कागदांत आहेत, आणि त्या वाचताना मला आपल्याकडचे टंचाईतले अर्ज आठवले. वाऱ्याच्या आवाजात आम्हाला एकमेकांचं गाणं ऐकू येत नाही. खडूच्या पांढऱ्या लखलखाटाने डोळे जातात. पाणी लांबून, भरपूर पैसे मोजून आणावं लागतं. आणि किल्लेदाराच्या परवानगीशिवाय आत-बाहेर करता येत नाही, कारण देवळाचा रस्ता शिपायांच्या पहाऱ्यातून जातो. म्हणजे एकाच तटाच्या आत देव आणि फौज, आणि दोघांना मिळून पाणी अपुरं.

शेवटी पोपने परवानगी दिली. १२२० मध्ये खाली नदीकाठच्या कुरणात नव्या कॅथीड्रलचा पाया घातला गेला. तीन मेलेल्या बिशपांची, म्हणजे कॅथीड्रलच्या प्रमुख धर्मगुरूंची, शरीरंसुद्धा वरून खाली नेली. मग वरच्या देवळाचे दगड उतरायला लागले. लोक तर आधीच उतरत होते. त्या नव्या शहराच्या रस्त्यांमधून त्यांनी पाण्याचे पाट काढले. वर थेंबाथेंबाला तरसलेल्या माणसांनी खाली गेल्यावर पहिलं काय केलं, तर घरासमोरून पाणी खेळवलं. हे कळलं तेव्हा मी तटावर बसून बराच वेळ खालच्या शहराकडे बघत होते.

आता तुम्हाला काय दिसेल ते सांगते, म्हणजे "नुसतं गवत" वाटणार नाही. वर पोचल्यावर आधी उत्तर-पश्चिमेच्या मोकळ्या पटांगणात जा. जुन्या कॅथीड्रलचा आराखडा तिथे जमिनीवर रेषांनी दाखवलाय. त्या रेषांच्या मधोमध चाला. आपल्या घरातली जुनी खोली पाडल्यावर जोत्यावरून खोल्या ओळखतो ना, तसं. मग लाकडी पुलावरून आतल्या किल्ल्यात. बाहेरच्या पटांगणाला तिकीट नाही, आतल्या भागाला इंग्लिश हेरिटेजचं तिकीट आहे. आत भिंती दिसतील त्या ओबडधोबड, चुन्यात चकमकीचे दगड कोंबल्यासारख्या. ती भिंतीची आतली भर आहे. तिच्यावरचे घडीव दगड लोकांनी काढून नेले. १५१४ मध्ये तर आठव्या हेन्रीने इथलं बांधकामाचं सामान एका माणसाला देऊनच टाकलं. म्हणजे कातडी सोलल्यावर उरलेला देह आपण बघतोय. हे एकदा ध्यानात आलं की त्या भिंती कुरूप वाटत नाहीत.

इथेच बिशप रॉजरचा वाडा होता. त्याच आवारात दुसऱ्या हेन्री राजाने स्वतःच्या राणीला, एलिनॉरला, कैदेतली काही वर्षं ठेवलं होतं. मुलांनी बापाविरुद्ध बंड केलं आणि तिने मुलांची बाजू घेतली, एवढ्यासाठी ती सुमारे सोळा वर्षं निरनिराळ्या ठिकाणी पहाऱ्यात राहिली. मी त्या भिंतींपाशी तिच्यासाठी दोन मिनिटं उभी राहिले. तुम्हीही राहाल असं वाटतं.

मग दक्षिणेच्या तटावर या. समोर तीन किलोमीटरवर कॅथीड्रलचं शिखर दिसेल. १२३ मीटर उंच, ब्रिटनमधलं सगळ्यात उंच. ज्या टेकडीने देऊळ गमावलं तिथूनच ते सगळ्यात छान दिसतं.

जाण्याचं: साउदॅम्प्टन सेंट्रलवरून सॅलिसबरीला थेट गाडी आहे, अर्ध्या-पाऊण तासाची. गावातून एम्सबरीकडे जाणाऱ्या बस टेकडीच्या पायथ्याशी थांबतात, पण तिथून वरपर्यंत चढ आहे. तुमच्या यजमानांच्या गुडघ्यासाठी मी टॅक्सीच सांगेन. गाडी थेट बाहेरच्या तटाच्या आतल्या वाहनतळापर्यंत जाते, म्हणजे निम्मा चढ वाचतो. स्टेशनाबाहेर टॅक्सी मिळतात. त्यालाच दोन तासांनी परत यायला सांगा. आतल्या तटावर चढायला उतार आहे आणि गवत ओलं असलं की घसरतं, तेव्हा काठी हवीच. त्यांना तटावर चढणं जड वाटलं तर चढू नका. पूल आणि आतलं पटांगण एवढंही खूप आहे.

इंग्रजीची काळजी करू नका. फलक आहेत, सावकाश वाचता येतात. वारा अडवणारं जाकीट मात्र दोघांकडे असू द्या, छत्री नको, ती उलटी होते. सोबत दशम्या आणि कोरडी चटणी न्या. आम्ही तटाच्या आडोशाला बसून खाल्ल्या होत्या, रतनगडावर खायचो तशाच.

दुपारी खाली या. कॅथीड्रलमध्ये राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या मॅग्ना कार्टा या सनदेच्या १२१५ च्या चार उरलेल्या प्रतींपैकी एक आहे आणि साधारण १३८६ चं, तबकडी नसलेलं घड्याळ आहे. तेही बघा. पण माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट बाहेर आहे. कॅथीड्रलच्या आवाराला भिंत घालायला तिसऱ्या एडवर्डने १३३१ मध्ये जुन्या देवळाचे दगड वापरायची परवानगी दिली. ती भिंत अजून उभी आहे. तिच्या बाजूबाजूने हळू चाला. साध्या दगडांमध्ये मध्येच एखादा कोरीव दगड येतो, नक्षी उलटी किंवा आडवी बसवलेली. कुत्रा फिरवायला आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला तो पहिला दाखवला. मग मी स्वतः आणखी सात शोधले. तुम्ही दोघं मिळून किती शोधता ते मला नक्की कळवा.

राहिलं स्टोनहेंज. ते बघा, पण दुसऱ्या दिवशी. दोन्ही ठिकाणं एका तिकिटात फिरवणाऱ्या बस आहेत, आणि त्यांत टेकडीच्या वाट्याला उरलेला वेळ येतो. मीही पहिल्यांदा टेकडीला उरलेलाच वेळ दिला होता.

प्रश्न: आमच्या हिंगणघाटला विल्यम लॅम्बटन यांची कबर आहे. मी शाळेत गणित शिकवतो आणि दरवर्षी मुलांना तिथे नेतो. साखळीने जमीन मोजून, त्रिकोण जुळवत सगळा हिंदुस्थान मोजायची पद्धत त्यांनी आणली हे सांगतो. इंग्लंडमध्ये ती पद्धत जिथे वापरली गेली अशी एखादी जागा आहे का?
(हिंगणघाटहून एक शिक्षक)

उत्तर: सर, तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला, कारण अशी एक जागा याच टेकडीच्या पायथ्याशी आहे.

ब्रिटनचा नकाशा त्रिकोणांनी बांधायचा तर आधी एक रेषा जमिनीवर प्रत्यक्ष, इंच इंच मोजावी लागते. बाकी सगळं कोनांवरून काढता येतं, पण ती एक रेषा चुकली की सगळा नकाशा चुकतो. १७९४ मध्ये कॅप्टन मज यांच्या हाताखाली अशी एक पायारेषा ओल्ड सॅरमपासून बीकन हिलपर्यंत पोलादी साखळीने मोजली गेली. लांबी सुमारे अकरा किलोमीटर. टोक हलू नये म्हणून तिथे तोफ पुरली, तोंड आकाशाकडे. त्या तोंडाचा मध्य म्हणजे रेषेचं टोक. त्या टोकाची खूण सांगणारी पाटी रस्त्याकडेला आहे.

लॅम्बटन या मोजणीत नव्हते, पण त्यांनी हिंदुस्थानात केलं ते याच रीतीने. १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी त्यांनी आपली पहिली पायारेषा मोजली. त्यांची शंभर फुटी पोलादी साखळी मुळात चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून निघाली होती. ती तिथे नाकारली गेली आणि फिरत फिरत त्यांच्याकडे आली. त्यानंतर वीस वर्षं ते त्रिकोणामागे त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकत राहिले आणि जानेवारी १८२३ मध्ये तुमच्या गावात, कामावर असतानाच वारले.

मुलांना एक करून दाखवा. शाळेच्या मैदानावर तीस मीटरची रेषा टेपने दोन वेळा मोजा, एकदा सकाळी आणि एकदा भर दुपारी, पोलादी टेपने. उन्हाने टेप लांबतो आणि आकडा बदलतो. उष्णतेने साखळी किती वाढते याचा हिशेब त्या लोकांनाही ठेवावा लागत होता. फरक मिलिमीटरांतला आहे, तेव्हा टोकांना बारीक खिळे ठोका आणि टेपला ताण दोन्ही वेळा सारखा द्या.

प्रश्न: मॅडम, मी राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या नोट्समध्ये 'रॉटन बरो' म्हणजे सडका मतदारसंघ, उदा. ओल्ड सॅरम, एवढी एकच ओळ आहे. तिथे खरंच माणसं राहत नव्हती? मग मत कोण द्यायचं?
(पुण्याहून एक विद्यार्थिनी)

उत्तर: राहत नव्हती. वरच्या पत्राचं उत्तर वाचलंस तर कळेल की सगळे पाण्यामागे खाली गेले होते. पण मध्ययुगात या गावाला पार्लमेंटमध्ये दोन माणसं पाठवायचा हक्क मिळाला होता, आणि गाव गेलं तरी हक्क गेला नाही. तो तिथल्या काही जमिनीच्या तुकड्यांना चिकटून राहिला. ज्याच्या मालकीचे ते तुकडे, तो निवडणुकीच्या वेळी ते आपल्या माणसांच्या नावावर करायचा आणि ती माणसं मत द्यायची. टेकडीखालच्या शेतात एका एल्मच्या झाडाखाली मतदान व्हायचं. १८३१ मध्ये मतदार अकरा होते आणि तिथे राहणारा एकही नव्हता. त्याच वेळी मँचेस्टरसारख्या गिरण्यांच्या शहराला स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता. १८३२ च्या सुधारणा कायद्याने ओल्ड सॅरमच्या दोन्ही जागा रद्द झाल्या. परीक्षेत एवढं लिहिलंस तरी पुरे, पण तुझ्या नोट्समध्ये नसलेली एक गोष्ट सांगते, कारण ती आपल्या बाजूची आहे.

१६९१ मध्ये हे तुकडे विकत घेतले टॉमस पिट यांनी. ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीला न जुमानता हिंदुस्थानच्या व्यापारात पैसा केलेला हा माणूस. पुढे कंपनीनेच त्यांना आपलंसं केलं आणि १६९८ पासून ते मद्रासचे गव्हर्नर झाले. तिथे त्यांनी एका हिंदी व्यापाऱ्याकडून ४१० कॅरटचा कच्चा हिरा घेतला आणि १७१७ मध्ये तो फ्रान्सच्या राजप्रतिनिधीला १,३५,००० पौंडांना विकला. पैलू पाडल्यावर सुमारे १४० कॅरटचा राहिलेला तो हिरा आज पॅरिसच्या लूव्हरमध्ये आहे. त्यांचा नातू विल्यम पिट १७३५ मध्ये पहिल्यांदा खासदार झाला तो ओल्ड सॅरमचा, आणि पुढे ब्रिटनचा पंतप्रधानही झाला. म्हणजे माणसं नसलेल्या त्या टेकडीची मतं हिंदुस्थानात मिळवलेल्या पैशाने विकत घेतली होती. तुझ्या नोट्समधल्या 'सडका' या शब्दात हे मावत नाही, म्हणून शिक्षकांना यावर जरूर प्रश्न विचार.

तो हिरा निघाला कोल्लूरच्या खाणीतून. ती खाण कृष्णेच्या काठी होती. आमच्या वाईच्या घाटावरून वाहणारी हीच कृष्णा.